ऊन परततं किती, मुरतं किती, आरपार जातं किती: खान्देशातल्या छपरासाठी, खिडकीसाठी आणि शेतासाठी घरगुती मोजणी

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळपासून शिरपूर-शहाद्यापर्यंत बाजारात टक्क्यांची भाषा सुरू होते. ‘पंचाहत्तर टक्क्यांची (सावलीची) नेट’, ‘नव्वद टक्के ऊन परतवणारा रंग’, ‘साठ टक्के उष्णता अडवणारी फिल्म’. हे टक्के नेमके कशाचे, असं विचारलं तर दुकानदार पाकिटावरचंच वाचून दाखवतो. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या मुलखात ऊन अडवायला आपण दरसाल पैसे मोजतो, तर निदान काय अडलं आणि काय आत आलं ते तपासून घ्यावं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. फोन, दोन-तीन पांढऱ्या कार्डशीट, शेंगदाणा तेलाचा एक थेंब, टीव्हीचा रिमोट आणि एक थर्मामीटर एवढ्यावर भागतं.

आधी हिशेब समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कुठल्याही वस्तूवर पडलेल्या प्रकाशाला तीनच वाटा असतात. काही परत फिरतो, ते परावर्तन. काही वस्तूत मुरतो, ते शोषण. उरलेला पलीकडे निघतो, ते पारगमन. तिन्हींची बेरीज १०० टक्के, ना कमी ना जास्त. म्हणून दोन मोजले की तिसरा वजाबाकीने मिळतो. मुरलेला प्रकाश नाहीसा होत नाही, जवळजवळ सगळा उष्णता होतो. पान त्यातला थोडासा अन्न बनवायला वापरतं, सौर पॅनल थोडी वीज करतं, एवढाच अपवाद.

पायरी १: तेलाचा डाग

कोऱ्या पांढऱ्या कागदावर मधोमध तेलाचा थेंब टाका, बोटाने रुपयाएवढा पसरवा आणि जास्तीचं तेल टिपून घ्या. आता तो कागद भिंतीसमोर धरून समोरून पाहा. डाग बाकीच्या कागदापेक्षा काळपट दिसेल. तोच कागद खिडकीकडे धरा. आता डाग उजळ आणि भोवतीचा कागद काळपट. कागद तोच, डाग तोच.

झालं असं, की कागदाच्या तंतूंमध्ये हवा असते. तंतू आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश दर वेळी वळतो, फुटतो आणि बराचसा मागे येतो. म्हणून कागद पांढरा. तेलाने ती हवा हाकलली. तेल आणि तंतू यांचा प्रकाश वळवण्याचा गुण जवळजवळ सारखा असल्याने आता सीमा अशी उरलीच नाही आणि प्रकाश सरळ पुढे गेला. जेवढं परतणं कमी झालं, तेवढं आरपार जाणं वाढलं. शोषण जवळपास होतं तेवढंच राहिलं.

हा डाग जपून ठेवा. एकोणिसाव्या शतकात बुन्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याच डागावर दोन दिव्यांच्या उजेडाची तुलना करायचं साधन बनवलं होतं. कागदाच्या दोन्ही बाजूंना दिवे ठेवून कागद पुढे-मागे सरकवायचा. डाग जिथे दिसेनासा होतो तिथे दोन्ही बाजूंचा उजेड सारखा. आपल्याला मात्र हा डाग पुढे चुना लावताना आणि काळ्या जमिनीकडे बघताना उपयोगी पडणार आहे.

पायरी २: फोनला मोजायला लावा

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये समोरच्या बाजूला, वर कानाशी येणाऱ्या जाळीजवळ, उजेड ओळखणारा सेन्सर असतो. ‘लक्स मीटर’ नावाची फुकट ॲप त्याचाच आकडा दाखवतात (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). सेन्सर नक्की कुठे आहे ते बोट फिरवून शोधा. बोट त्यावर आलं की आकडा धाडकन पडतो. काही फोनमधली ॲप कॅमेऱ्यावरून अंदाज बांधतात, ती या कामाला घेऊ नका. कॅमेरा आपणहून उजेड कमी-जास्त करत असतो आणि पांढरं असो की काळं, चित्र मध्यम करडं करायला बघतो.

घरात दिवसा १०० ते ५०० लक्स, मोकळ्या सावलीत दहा-वीस हजार, आणि मे महिन्याच्या भर दुपारी उघड्यावर एक लाखाच्या आसपास, हा साधारण अंदाज. पुष्कळ फोन एवढ्या उन्हात थकतात आणि एकाच आकड्यावर अडकून बसतात. तुमचाही अडकत असेल तर मोजणी सकाळी आठ-साडेआठला किंवा ओट्यावरच्या सावलीत करा. आकडा खरा आहे की नाही याची फार चिंता नको. आपल्याला गुणोत्तर हवंय, आणि एकाच फोनने एका मिनिटात घेतलेल्या दोन आकड्यांचं गुणोत्तर बऱ्यापैकी विश्वासाचं असतं. मध्ये ढग आला तर पुन्हा पहिल्यापासून.

एक ताकीद: सूर्याकडे पाहायचं नाही. आरसा आणि चकचकीत ताट कुणाच्या डोळ्यांवर येईल असं धरायचं नाही, विशेषतः मुलं सोबत असतील तेव्हा.

पायरी ३: आरपार किती जातं

हे सगळ्यात सोपं. फोन सपाट ठेवा, पडदा आभाळाकडे. आकडा टिपा. मग नेटचा, पडद्याचा, फिल्मचा किंवा फायबरच्या पत्र्याचा तुकडा फोनच्या थोडा वर आडवा धरा, कडेने उजेड आत घुसणार नाही इतका मोठा. पुन्हा आकडा टिपा. दुसऱ्याला पहिल्याने भागा, शंभराने गुणा.

खिडकीची साधी काच या कसोटीला लावलीत तर साधारण ८८ ते ९० टक्के येईल. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. पृष्ठभाग दोन, म्हणून ८. उरलेलं थोडं काचेत मुरतं. दिवसा आत बसून काच ‘दिसत’ नाही आणि रात्री दिवा लावला की त्याच काचेत आपला चेहरा दिसतो, तो हाच ८ टक्के. दिवसाही तो तिथेच असतो, बाहेरच्या उजेडापुढे कळत नाही इतकंच.

नेटच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवा. नेटवरचे टक्के सावलीचे असतात: ७५ ची नेट म्हणजे २५ आत. आणि दोन नेट एकावर एक टाकल्या तर बेरीज होत नाही, गुणाकार होतो. ५० ची नेट अर्धा उजेड सोडते, तिच्याखालची दुसरी ५० ची त्या अर्ध्याचा अर्धा. म्हणजे २५ टक्के उरतात, शून्य नाही. सूर्य तिरपा असताना हीच नेट जास्त अडवते, कारण किरणांना धागे जास्त दाट भेटतात. म्हणून नेटची मोजणी दुपारीच करावी. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य माथ्यावर बाराला येत नाही. जळगावला साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी येतो, नंदुरबारला आणखी पाचेक मिनिटांनी. त्या वेळी फोन अडकत असेल तर उघड्यावरच्या आणि नेटखालच्या दोन्ही मोजण्या एकाच पांढऱ्या कागदाखाली फोन ठेवून घ्या. कागद दोन्हीकडे सारखाच उजेड खातो, गुणोत्तर बदलत नाही.

हिरव्या नेटखाली लक्सचा आकडा पिकाच्या दृष्टीने फसवा असतो. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं आहे आणि आपला डोळा हिरव्याला सगळ्यात जास्त जागा असतो. पान मात्र लाल आणि निळा प्रकाश जास्त खातं. त्यामुळे हिरवी आणि काळी यांची आपसात तुलना करायची असेल तर लक्सवर निर्णय घेऊ नका. हिरवीची हिरवीशी, काळीची काळीशी करा.

पायरी ४: परत किती येतं

इथे थोडी मेहनत आहे. मोठी पांढरी कार्डशीट आपली पट्टी. साधा पांढरा कागद ढोबळमानाने ८० टक्के प्रकाश परत देतो असं धरा. जो पृष्ठभाग तपासायचाय त्यावर फोन पालथा, म्हणजे सेन्सर खाली, एक वीत-दीड वीत उंचीवर धरा. स्वतःची आणि फोनची सावली त्या जागेवर नको. आकडा घ्या. हात न हलवता खाली कार्डशीट सरकवायला कुणाला तरी सांगा, पुन्हा आकडा घ्या. पहिला भागिले दुसरा, गुणिले ८०.

उदाहरणार्थ, गच्चीवर पालथ्या फोनने २,१०० दाखवले आणि कार्डशीटवर ५,६००, तर २,१०० ÷ ५,६०० × ८० = ३० टक्के. साध्या सिमेंटच्या स्लॅबचा आकडा याच्या आगेमागे येतो. शेवाळ सुकून काळी पडलेली गच्ची त्याहून बरीच खाली जाते. ताजा चुना ७०-८० च्या घरात, नवा पांढरा ॲक्रिलिक रंग ८० च्या आसपास. तापीकाठची काळी कसदार जमीन सुकी असताना दहा-पंधरा टक्के आणि ओली असताना त्याच्या निम्म्याशी.

ओली माती काळी का दिसते, याचं उत्तर पायरी १ मध्ये आहे. मातीच्या कणांमधली हवा पाण्याने हाकलली. प्रकाश मागे वळण्याऐवजी खोल गेला, आणि खोल गेला तो तिथेच मुरला. कागदात मुरवून घ्यायला फारसं काही नव्हतं म्हणून प्रकाश पलीकडे निघाला. मातीत आहे, म्हणून ती काळी झाली. अंगातला सदरा घामाने ओला झाला की गडद दिसतो, तोही याच कारणाने.

ही पद्धत चुना, माती, कापड, कागद, विटा अशा निस्तेज पृष्ठभागांसाठी चालते. ते प्रकाश चहूकडे उधळतात, फोन कुठेही धरला तरी वाटा सारखा मिळतो. चकचकीत पृष्ठभाग मात्र सगळा प्रकाश एकाच दिशेला फेकतात. तिथे फोन त्या झोतात आला तर आकडा आभाळाला भिडतो, नाही आला तर आरसासुद्धा काळा ठरतो. आरसा, नवा पत्रा, टाइल यांवर फोनचं ऐकू नका.

त्यांच्यासाठी डोळा जास्त कामाचा. भरताचं एक ताजं वांगं आणि एक पितळेचा तांब्या खिडकीशी ठेवा. आपल्याकडचं हिरवं वांगं असो की जांभळं, त्याच्या तुकतुकीत सालीवर खिडकीचं जे छोटं प्रतिबिंब दिसतं ते पांढरं असतं. तांब्यावरचं प्रतिबिंब मात्र पिवळं. वांग्यावर दोन वेगळी कामं चाललेली असतात: सालीच्या वरच्या गुळगुळीत थरावरून थोडा प्रकाश जसाच्या तसा परततो, म्हणून पांढरा, उरलेला आत जातो, रंगद्रव्यात गाळला जातो आणि हिरवा किंवा जांभळा होऊन चहूकडे बाहेर पडतो. धातूत आत जाणं असं फारसं नाहीच. जे परतायचं ते पृष्ठभागावरूनच, आणि पितळ-सोनं-तांबं निळा प्रकाश कमी परतवतात म्हणून त्यांची चमकच रंगीत. जळगावच्या सराफ्यात दागिना हातात घेतलात तर त्यावरची दिव्याची चमक बघा: सोन्यावर ती पिवळसर येते. पिवळ्या प्लास्टिकवर कितीही पॉलिश केलं तरी ती पांढरीच येणार. (सोन्याचा कस मात्र यावरून कळत नाही. मुलामाही तितकाच पिवळा चमकतो.)

पाण्याचं गणित कोनावर आहे. सरळ वरून पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परतवतं, म्हणून विहिरीत वाकून बघताना तळ दिसू शकतो. तिरपं पाहत गेलं की हा आकडा आधी हळू आणि मग झपाट्याने वाढतो. उभ्या रेषेपासून ८० अंश कललं की तिसऱ्या हिश्शाच्याही वर जातो. हतनूर धरणाच्या काठावरून संध्याकाळी पाणी डोळे दिपवतं आणि दुपारी तेच पाणी गडद दिसतं ते त्यामुळे.

पायरी ५: न दिसणारा अर्धा भाग

आतापर्यंत फोनने जे मोजलं ते डोळ्याला दिसणारं ऊन. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत दिसणारा प्रकाश निम्म्याहून थोडा कमी असतो. जवळपास निम्मा भाग अवरक्त किरणांचा, थोडासा अतिनील. अवरक्त दिसत नाही, पण मुरलं की तापवतंच. आणि दिसणारा रंग या अर्ध्याबद्दल काहीच हमी देत नाही.

याची खात्री टीव्हीच्या रिमोटने करता येते. रिमोटच्या टोकाचा दिवा अवरक्त असतो. फोनचा पुढचा कॅमेरा सुरू करून त्यासमोर रिमोटचं बटण दाबा; पडद्यावर तो दिवा फिकट जांभळा-पांढरा लुकलुकताना दिसेल. (मागच्या कॅमेऱ्यात बहुधा अवरक्त गाळणारी काच असते, म्हणून पुढचाच घ्या.) खोलीत अंधार करा आणि रिमोटच्या तोंडावर एकेक वस्तू धरून बघा:

केळीच्या पानाचा तुकडा. डोळ्याला पान जवळजवळ अपारदर्शक. रिमोटचा दिवा मात्र त्यातून स्पष्ट दिसतो. पान दिसणाऱ्या प्रकाशातला बहुतेक भाग खातं, पण जवळच्या अवरक्तातला साधारण अर्धा परत पाठवतं आणि उरलेल्यातला बराचसा पलीकडे सोडतं. वापरता येत नाही ते अंगात मुरवून घेऊन तापायचं कशाला, असा त्याचा कारभार.

काळं पॉलिस्टर कापड. बहुतेक वेळा दिवा दिसतो. काळी मल्चिंग फिल्म (शेतात जमिनीवर अंथरतात ते प्लास्टिक) मात्र दिवा पूर्ण गिळते, कारण तिच्यात काजळीसारखा कार्बन असतो आणि कार्बन दिसणारं-न दिसणारं सगळंच मुरवतो. डोळ्याला दोन्ही सारखेच काळे. म्हणून ‘काळं आहे म्हणजे तापणार’ हे कार्बनच्या काळ्याबाबत पक्कं, रंगवलेल्या काळ्याबाबत तपासून बघायचं.

दुकानात उष्णतारोधक फिल्म दाखवताना काचेमागे एक तापणारा दिवा लावतात आणि तुमचा हात पुढे धरायला सांगतात. फिल्म नसताना हात भाजतो, फिल्म लावली की गार. डेमो खोटा नसतो, पण त्या दिव्याची बहुतेक ऊर्जा अवरक्त असते, उन्हाची निम्मीच. तिथे मिळालेला फरक पश्चिमेच्या खिडकीत तेवढाच मिळेल असं समजू नका. विचारायचा प्रश्न एकच: हे टक्के दिसणाऱ्या प्रकाशाचे, नुसत्या अवरक्ताचे, की एकूण सौर ऊर्जेचे? तिसरं उत्तर कागदावर छापलेलं असेल तरच पुढे बोला.

पायरी ६: थर्मामीटरने शिक्कामोर्तब

पत्र्याच्या डब्यांची सारखी तीन झाकणं घ्या. एकावर चुना किंवा पांढरा रंग, एकावर काजळीचा काळा थर, एक तसंच कोरं चकचकीत. तिन्ही थर्माकोलवर ठेवा, झाकण आणि थर्माकोल यांच्यामध्ये थर्मामीटरचं टोक जाईल अशी खाच करा आणि दुपारी बारा ते एक उन्हात, वारा न लागेल अशा जागी मांडा. अर्ध्या तासाने वाचा.

काळं सगळ्यात तापणार, हे सांगायला नको. गंमत कोऱ्या झाकणाची आहे. ते डोळे दिपवत असतं, निम्म्याहून जास्त ऊन परत फेकत असतं, तरी पांढऱ्यापेक्षा चांगलंच तापलेलं निघतं. त्यामागे पृष्ठभागाचा आणखी एक गुण आहे. प्रत्येक तापलेली वस्तू स्वतःही न दिसणारे उष्णतेचे किरण सोडून थंड होत असते. चुना, रंग, माती, सिमेंट हे काम ८५-९० टक्के क्षमतेने करतात. कोरा चकचकीत धातू मात्र फार कंजूष: घेतो थोडं, पण घेतलेलं सोडत नाही. नवाकोरा गॅल्व्हनाइज्ड पत्रा ‘चमकतोय म्हणजे थंड राहील’ हा समज इथेच मोडतो. पुढे तो मळला, गंजला की परतवणंही कमी होतं.

याच कारणाने बंदुकीसारखं लांबून तापमान दाखवणारं यंत्र चकचकीत पत्र्यावर खोटं बोलतं, खरं त्याहून बरंच कमी दाखवतं. पत्र्यावर इंचभर साधी चिकटपट्टी किंवा रंगाचा ठिपका लावा, दोन मिनिटं थांबा आणि यंत्र त्यावर रोखा.

आता वापर: छप्पर

खान्देशातल्या घराला उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन छपरावर मिळतं. आपण साधारण २१ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर सूर्य थेट डोक्यावर येतो. भर दुपारी दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट ऊर्जा पडते. वीस चौरस मीटरची खोली धरा: छपरावर २० किलोवॅट. ३० टक्के परतवणारा स्लॅब त्यातले १४ मुरवतो, ८० टक्के परतवणारा ४. मुरलेलं सगळं खोलीत येत नाही, बरंच हवेला आणि आभाळाला जातं; पण सुरुवातच १४ ऐवजी ४ पासून झाली तर रात्री अंथरुणावर फरक कळतो. छपराचा पृष्ठभाग दहा-पंधरा अंशांनी उतरू शकतो. खोलीतल्या हवेत मात्र दोन-चार अंशांचीच अपेक्षा धरा. वरचा मजला नसलेल्या घरालाच हा फायदा.

स्लॅबला चुना सगळ्यात स्वस्त. गच्ची खराट्याने झाडा, शेवाळ घासून काढा, भेगा आधी बुजवा. कळीचा चुना आणला असेल तर लोखंडी पिंपात आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना; उलटं केलंत तर उकळून अंगावर उडतो. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे, मुलं लांब. प्लास्टिकची बादली या कामाला नको, ती वितळू शकते. रात्रभर मुरू द्या, कापडातून गाळा, डिंक किंवा फेविकॉल मिसळा आणि ब्रशवरून सहज ओघळेल इतका पातळ करा. संध्याकाळी गच्ची शिंपून ओली करा आणि पहिला हात द्या.

इथे पुष्कळ लोक फसतात: ओला चुना लावला की खालचं सिमेंट तसंच दिसतं, ‘बसलाच नाही’ असं वाटून त्यावर लगेच जाड थर चढवला जातो, आणि जाड थर सुकताना तडकून पापुद्रे सुटतात. ओल्या चुन्यात कणांमध्ये पाणी आहे, तेलाच्या डागासारखंच. पाणी उडून हवा शिरली की तोच पातळ थर पांढराफेक होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बघा, मगच दुसरा हात. पातळ दोन थर जाड एकापेक्षा टिकतात.

पत्र्याला चुना लावू नका. तो धरत नाही, आणि जस्ताला चुन्याचा क्षार मानवतही नाही. तिथे पत्र्यासाठीचा प्रायमर आणि वर पांढरा ॲक्रिलिक रंग. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते कोरडे घासू नका, त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो; ओले करून हलक्या हाताने धुवा. पत्र्याखाली चंदेरी फॉइल लावणार असाल तर तिच्या निदान एका बाजूला मोकळी हवा राहू द्या. दोन्ही बाजूंनी दाबली गेलेली फॉइल उष्णतेचे किरण परतवू शकत नाही, ती नुसती पातळ पत्रा होऊन बसते.

धाब्याचं घर असेल तर त्याच्या जाड मातीला हात लावू नका. तिथे उष्णता आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि वर पांढऱ्या मातीचा थर नीट असेल तर परतवण्याचं कामही होतं.

पांढरेपणा टिकत नाही, हे गृहीत धरा. मेमधल्या धुळीने एखाद्या महिन्यातच आकडा खाली येतो. पायरी ४ ची मोजणी चुना सुकल्यावर लगेच करून तारखेसह लिहून ठेवा, पंधरा दिवसांनी पुन्हा करा. घसरला असेल तर आधी एकदा नुसतं झाडून बघा. बहुतेक वेळा निम्मं काम तेवढ्याने होतं. धुळीचा त्रास साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरच्या सौर प्रकल्पासारख्या ठिकाणीही असतोच, फक्त उलट्या अंगाने: पॅनलला ऊन मुरवून घ्यायचं असतं, म्हणून सिलिकॉनवर परावर्तन कमी करणारा निळसर-काळा थर चढवलेला असतो, आणि धूळ त्याच्याआधीच ऊन अडवते.

खिडकी

उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीची भीती बाळगू नका. सूर्य माथ्यावर असताना एक फुटाचा सज्जाही तिला बराच सांभाळतो. खरा त्रास पश्चिमेचा. दुपारी तीननंतर ऊन जवळजवळ सरळ आत शिरतं आणि सज्जाचा उपयोग राहत नाही.

आतून गडद पडदा लावला की उजेड जातो, उष्णता जात नाही. ऊन काच ओलांडून आलं, पडद्यात मुरलं, पडदा तापला. आता पडदा जे उष्णतेचे किरण सोडतो ते लांब लहरींचे असतात आणि काच त्यांना बाहेर जाऊ देत नाही. म्हणून अडवायचं ते काचेच्या बाहेर: बांबूची चिक, गोणपाट, वाळ्याचा पडदा, नाहीतर नेटचा तुकडा. भाड्याच्या घरात बाहेर काही लावता येत नसेल तर आतल्या पडद्याची काचेकडची बाजू पांढरी करा. निदान काही ऊन आल्या वाटेने परत जाईल.

शेत

चंदेरी-काळ्या मल्चिंग फिल्ममध्ये या लेखातल्या दोन्ही वाटा एका कागदात आहेत. वरची चंदेरी बाजू ऊन परतवते, त्यामुळे माती कमी तापते आणि खालून येणाऱ्या चकाकीने मावा, फुलकिडे बिचकतात. खालची काळी बाजू उजेड जमिनीपर्यंत पोचू देत नाही, म्हणून तण उगवत नाही. उन्हाळी टरबूज, मिरची, पपईला चंदेरी वर हे बरोबर. काळी बाजू वर केली तर माती तापते. थंडीत ते कधी हवंसं असतं, एप्रिलमध्ये नाही. फिल्म घेताना उन्हाकडे धरून बघा. सुईच्या टोकाएवढे ठिपके जागोजागी चमकत असतील तर त्या प्रत्येकाखाली तण येणार.

डाळिंबावर किंवा केळीच्या घडावर ऊन लागू नये म्हणून केओलिन या पांढऱ्या मातीची फवारणी करतात, ती म्हणजे फळाला लावलेला चुनाच म्हणा. ओली असताना दिसत नाही, सुकल्यावर पांढरी होते. फवारल्या फवारल्या दिसली नाही म्हणून दुसरा पंप मारू नका.

रोपवाटिकेची नेट दर हंगामाच्या सुरुवातीला पायरी ३ प्रमाणे मोजा. धूळ साचलेली नेट नव्यापेक्षा जास्त अडवते आणि रोपं उंच-लुकडी होऊ लागतात. धागे ताणून विरलेली नेट कमी अडवते आणि पानं करपतात. दोन्ही डोळ्याला लवकर कळत नाही, फोनला कळतं. नवी नेट घेताना वारभर तुकडा दुकानाबाहेर उन्हात धरून तिथल्या तिथे मोजा. ५० ची म्हणून विकलेली नेट ४५ किंवा ५५ निघाली तर चालेल, कारण फोनचीही तेवढी चूक असते. ३५ निघाली तर पुढचं दुकान गाठा.